ट्रसवर साचलेली हळद

पौषात पालच्या खंडोबाच्या यात्रेत तारळी नदीचा काठ भंडाऱ्यानं पिवळा होतो. माणसं मुठी भरभरून हळद उधळतात, हवेत पिवळा ढग उठतो, खाली बसतो. घरी जाऊन अंघोळ केली की विषय संपला. आता तशीच बारीक, तशीच कोरडी हळद सांगलीजवळच्या कुपवाडच्या एमआयडीसीतल्या एखाद्या पूड मिलच्या बंद एलिव्हेटरमधून, म्हणजे पट्ट्यावरच्या बादल्यांनी माल वर नेणाऱ्या खोक्यातून, वर चढते आहे असं समजा. तिथं एखादं तापलेलं बेअरिंग पुरतं. एलिव्हेटरचा पत्रा फाटतो, भिंत बाहेर ढकलली जाते, आत असलेला माणूस भाजतो. हा धुळीचा स्फोट. पूड तीच, मग फरक कुठं पडला?

गिरणीत हे बोलायला गेलं की पहिलं उत्तर ठरलेलं: “हळद काय रॉकेल हाय व्हय सायेब, पेटायला?” त्याचंही खोटं नाही. पोत्यातल्या हळदीवर जळती काडी टाकली तर जागच्या जागी काळा डाग पडतो, थोडा धूर निघतो आणि काडी विझते. ढिगाच्या आतल्या कणांना हवाच मिळत नाही. प्रत्येक कणाच्या भोवती हवा आली की गणित बदलतं.

एक सेंटिमीटरचा हळकुंडाचा चौकोनी तुकडा घ्या. त्याच्या सहा बाजूंचं मिळून क्षेत्रफळ ६ चौरस सेंटिमीटर. तोच तुकडा दळून एक दशांश मिलिमीटरचे कण केले तर कण होतात दहा लाख आणि एकूण क्षेत्रफळ होतं ६०० चौरस सेंटिमीटर. वजन तेवढंच, पण हवेला भिडणारी जागा शंभरपट. जळणं पृष्ठभागावरच होतं, त्यामुळं जे हळकुंड चुलीत घातलं तर बराच वेळ धुमसत राहील, त्याची हवेत तरंगणारी पूड सेकंदाच्या आतच जळून जाते. साधारण अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक झालेला कुठलाही जळणारा पदार्थ स्फोट होऊ शकणाऱ्या धुळींच्या यादीत येतो: पीठ, साखर, तिखट, हळद, कोंबडीखाद्य, लाकडाची पूड, कोळसा, गंधक, ॲल्युमिनियम, प्लॅस्टिक, औषधांची पावडर. सिमेंट, वाळू, मीठ, दगडाची भुकटी यांचं तसं नाही. ती छातीत जाऊन माणसाचं वाटोळं करतील, पण पेटणार नाहीत.

स्फोटाला पाच गोष्टी एकत्र यायला लागतात. जळणारी धूळ, हवेतला ऑक्सिजन आणि ठिणगी या तीन नेहमीच्या आगीलाही लागतात. चौथी म्हणजे ती धूळ हवेत तरंगती हवी, आणि पाचवी म्हणजे ढग कुठंतरी कोंडलेला हवा. यात्रेत पाचवी गोष्ट नसते, आणि चौथीही विरळ असते, वाऱ्यावर लगेच पांगते. पण ‘उघड्यावर आहे, काही होत नाही’ असंही धरून चालू नये. २७ जून २०१५ रोजी तैवानमधल्या एका वॉटर पार्कमध्ये रंगीत मक्याच्या स्टार्चची पूड गर्दीवर उडवली गेली आणि ती पेटली. वर आकाश मोकळं होतं, त्यामुळं स्फोट झाला नाही, नुसता भडका. तरी सुमारे पाचशे लोक भाजले आणि पंधरा जण गेले. भंडारा उधळताना दिवटी आणि आरती चार हात लांब ठेवावी, हे मी कुणाच्या श्रद्धेला हात घालण्यासाठी म्हणत नाही.

ढग किती दाट लागतो?

इथं बऱ्याच जणांचा गैरसमज होतो. गिरणीत शिरल्यावर नाकाला जाणवते, कपड्यांवर बसते ती धूळ स्फोटाच्या मानानं फार विरळ असते. खाद्यपदार्थांच्या बऱ्याच धुळींना पेटायला घनमीटरभर हवेत निदान ३० ते १२५ ग्रॅम पूड लागते. म्हणजे किती, ते डोळ्यांनी समजून घ्यायचं तर असं बघा: घनमीटरला ४० ग्रॅम धूळ असेल तर दोन मीटरवर पेटलेला २५ वॅटचा बल्ब जेमतेम दिसतो. अशा हवेत माणूस उभाच राहू शकत नाही.

मग असा ढग असतो कुठं? मशिनच्या पोटात. माल दळणाऱ्या पल्व्हरायझरमध्ये, बकेट एलिव्हेटरच्या खोक्यात, हवेतून पूड वेगळी करणाऱ्या सायक्लोनमध्ये आणि बॅग फिल्टरमध्ये, वरून पूड पडत असलेल्या हॉपरमध्ये, म्हणजे माल साठवायच्या नरसाळ्यात. तिथं तो कामाचाच भाग असतो आणि मिल चालू असेपर्यंत रोज असतो. बंद भांड्यात अशी धूळ पेटली तर दाब ७ ते १० बारपर्यंत चढू शकतो. मोटारीच्या टायरमध्ये साधारण दोन बार असतो, यावरून अंदाज घ्या. आपल्या शेडची साधी विटांची भिंत एका बारच्या दहाव्या हिश्शाच्या आसपासच्या दाबालाही टिकत नाही.

तरी एवढ्यावर भागलं तर एक मशिन जातं, जवळचा एखादा माणूस जखमी होतो. अख्खी इमारत जाते आणि माणसं मरतात ती बहुतेक दुसऱ्या स्फोटात. या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर ते हे.

होतं असं की मशिनमधला पहिला स्फोट पत्रा फाडून बाहेर येतो. दाबाची लाट ज्वाळेच्या पुढं पळते. ती शेडमधून जाताना छपराला पेलणाऱ्या लोखंडी ट्रसवर, अँगलवर, केबल ट्रेवर, दिव्यांच्या टोप्यांवर, फॉल्स सीलिंगच्या वर वर्षानुवर्षं बसलेली धूळ झटकून हवेत उडवते. मागून ज्वाळा येते. तिला आता शेडभर ढग तयारच मिळतो.

हिशेब करून बघू. २० मीटर लांब, १० मीटर रुंद, ५ मीटर उंच शेड. एकूण हवा १००० घनमीटर. जमिनीच्या क्षेत्रफळाएवढ्या जागेवर फक्त एक मिलिमीटर धूळ साचली आहे असं धरा. सुट्या पुडीचं वजन घनमीटरला ५०० किलोच्या आसपास घेतलं तर ही धूळ होते १०० किलो. सगळी उडाली तर घनमीटरला १०० ग्रॅम. आणि सगळी उडायची गरजही नसते. शेडच्या एका कोपऱ्यात ढग दाट झाला तरी काम झालं. एक मिलिमीटर! म्हणूनच अमेरिकेतल्या सुरक्षा मानकांत ०.८ मिलिमीटर थर आणि तोही जमिनीच्या ५ टक्के क्षेत्रापेक्षा जास्त पसरलेला असेल तर धोक्याची खूण मानतात. मापायला काही लागत नाही. ट्रसच्या अँगलचा मूळ रंग धुळीखाली ओळखू येत नसेल, तर वेळ झालेली आहे.

७ फेब्रुवारी २००८ रोजी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, पोर्ट वेंटवर्थ इथल्या साखर रिफायनरीत नेमकं हेच झालं. सायलोच्या, म्हणजे साखर साठवायच्या उंच टाक्यांच्या, खालच्या बोगद्यातून साखर वाहून नेणारा स्टीलचा पट्टा होता. साखरेत कचरा पडू नये म्हणून २००७ मध्ये त्या पट्ट्यावर चहूबाजूंनी पत्र्याचं आवरण बसवलं. हेतू चांगला, पण आवरणाला धूळ ओढून घेणारी व्यवस्था नाही आणि दाब बाहेर जायला वाटही नाही. आधी मोठ्या बोगद्यात पांगून विरळ होणारी साखरेची धूळ आता पत्र्याच्या आत कोंडली. बहुधा एका तापलेल्या बेअरिंगनं ती पेटवली. पहिला स्फोट बोगद्यात झाला. त्याच्या धक्क्यानं पॅकिंग इमारतीच्या मजल्यांवर, यंत्रांवर साचलेली साखर उडाली आणि एकामागून एक स्फोट होत गेले. १४ कामगार मेले, ३६ जखमी झाले. तिथल्या चौकशीनं निष्कर्ष काढला की मजले आणि यंत्रं वेळेवर साफ असती तर एवढी माणसं गेली नसती.

वाळवा-पलूस-कराड पट्ट्यात साखर कारखान्याची चिमणी दिसली नाही असा रस्ता विरळा. आपल्याकडची साखर बहुतेक दाणेदार असते, त्यामुळं गोदामात पोत्यांच्या थप्पीला घाबरायचं कारण नाही. लक्ष ठेवायचं ते साखर चाळणाऱ्या ग्रेडरवर, हॉपरवर आणि एलिव्हेटरवर. दाण्याला दाणा घासून बारीक पूड तिथंच सुटते. पिठीसाखर दळणाऱ्या छोट्या युनिटची गोष्ट मात्र वेगळी. तिथं मालच धूळ असतो.

ठिणगी येते कुठून

हळदीच्या मिलमध्ये विचारलं तर लोक शॉर्टसर्किटचं नाव घेतात. शॉर्टसर्किटनं आगी लागतात, खरंच. पण मशिनच्या पोटातल्या ढगाला पेटवायला त्याहून साध्या गोष्टी जास्त कारणीभूत होतात. ग्रीस न मिळाल्यानं धरलेलं बेअरिंग. घसरणारा, पुलीवर घासणारा पट्टा. बाजूच्या पत्र्याला लागणारी बकेट. आणि मालाबरोबर आलेलं लोखंड: हळकुंडं पॉलिश होऊन आली तरी त्यात खडा, तारेचा तुकडा, एखादा नट असतोच. तो पल्व्हरायझरच्या हॅमरला लागला की ठिणगी आतल्या आत. त्यासाठी तोंडाशी मॅग्नेट लावलेला असतो. तो किती दिवसांनी काढून पुसला जातो हे ज्यानं त्यानं आपल्या मिलमध्ये जाऊन बघावं. लोखंडाच्या कचऱ्याची दाढी आलेला मॅग्नेट नवं काही पकडत नाही.

स्टॅटिक ठिणगी, म्हणजे घासण्यानं साचलेल्या विजेची ठिणगी, हा दिसत नसलेला प्रकार. पूड पाइपातून वेगानं घासत जाते तेव्हा भार साचतो. पावसाळ्यात हवेतली ओल तो उतरवते, पण हळदीचा हंगामच कोरड्या दिवसांतला. सांगलीच्या मार्केट यार्डात आवक जोरात असते तेव्हा हवा कोरडी ठणठणीत असते. धूळ ओढायला पीव्हीसी पाइप वापरणं स्वस्त पडतं म्हणून बरेच जण तेच करतात. प्लॅस्टिकमधून भार जमिनीत जात नाही. धातूचा पाइप, प्रत्येक जोडावर तांब्याची पट्टी आणि नीट अर्थिंग, एवढं केलं तर हा धोका बराच खाली येतो.

वेल्डिंगचं वेगळं सांगायला हवं, कारण तिथं माणूस आपल्या हातानं ठिणगी घेऊन येतो. साखर कारखान्यांत गाळप संपलं की देखभालीची कामं निघतात, कन्व्हेअरला पट्टी मारायची असते, हॉपरला भोक पडलेलं असतं. बाहेरून पत्र्यावर रॉड लावला आणि आतल्या बाजूला जुन्या धुळीचा थर असला, तर थर आतून धुमसायला लागतो आणि बाहेरच्या वेल्डरला पत्ताही नसतो. काम संपवून सगळे जेवायला गेल्यावर धूर दिसतो. म्हणून वेल्डिंगच्या आधी आतून साफसफाई, आणि नंतर किमान तासभर तिथं एक माणूस बसवून ठेवणं. हा माणूस बहुतेक ठिकाणी सगळ्यात आधी वाचवला जाणारा खर्च असतो, दुर्दैवानं.

आता खंडेनवमी. आपल्याकडं दसऱ्याच्या आदल्या दिवशी यंत्रांची पूजा होते आणि त्याआधी शेड लख्ख करायची असते. ती कशी होते? कॉम्प्रेसरची नळी घेऊन एक पोरगा ट्रसवर चढतो आणि वर्षभराची धूळ फुंकून खाली पाडतो. अर्ध्या तासात शेडभर धुकं. खाली मोटरी चालू असतात, कुणी तरी निरांजन, उदबत्ती, कापूर मांडत असतो. दुसऱ्या स्फोटाला जे जे लागतं ते ते हातानं जमवून ठेवल्यासारखं. बहुतेक वेळा काही होत नाही, आणि ‘काही होत नाही’ यानंच सवय पक्की होते.

धूळ फुंकून उडवायची नसते, गोळा करायची असते. मऊ झाडू, ओलं फडकं, किंवा व्हॅक्युम. तोही धुळीसाठी बनवलेला, कारण साध्या व्हॅक्युमच्या मोटरीच्या ब्रशमध्येच ठिणग्या असतात. आणि वर्षातून एकदा नाही. मिल चालू असेल तर ट्रसकडं दर आठवड्याला नजर हवी. त्याहून चांगलं म्हणजे धूळ जिथून गळते ती फट बुजवणं. एलिव्हेटरच्या झाकणाचं गॅस्केट फार खर्चाचं काम नसतं. नवी शेड बांधत असाल तर वरचे आडवे पृष्ठभाग तिरके ठेवा, म्हणजे धूळ बसणारच नाही. पूजेच्या दिवशी मशिनं बंद, झाडझूड आदल्या दिवशी आणि हवा निवळल्यावरच दिवा. यात कुठलाही विधी कमी होत नाही.

द्राक्षबागेतलं गंधक

धुळींमध्ये फार चटकन पेटणारी, आणि आपल्या सांगली जिल्ह्यात सगळ्यात बेफिकिरीनं हाताळली जाणारी पूड म्हणजे गंधक. तासगाव, पलूस, कवठेमहांकाळ भागात द्राक्षावरच्या भुरी रोगावर गंधकाची धुरळणी नेहमीचीच. बेदाण्याच्या शेडवर गंधकाची धुरी देतात. साखर कारखान्यांत रस शुद्ध करताना गंधक जाळून वायू करतात. दळलेल्या गंधकाचा ढग दोनशे अंश सेल्सियसच्या आसपासही पेटू शकतो आणि त्याला लागणारी ठिणगी इतकी बारीक असते की कोरड्या हवेत माणसाच्या बोटातून निघणारी, हाताला जेमतेम जाणवणारी स्टॅटिकची ठिणगीही पुरते. हळदीच्या किंवा पिठाच्या मानानं हे फारच कमी.

म्हणजे डस्टरच्या, धुरळणीच्या यंत्राच्या, टाकीत गंधक ओततानाचा क्षण सगळ्यात वाईट. ट्रॅक्टरचा सायलेन्सर तापलेला, वारा अंगावर, ओतणाऱ्याच्या तोंडात बिडी. इंजिन बंद करून, थंड होऊ देऊन, वाऱ्याकडं पाठ करून आणि सावकाश ओतावं. गंधकाची ज्वाळा निळसर, भर उन्हात जवळपास न दिसणारी असते. आग लागल्याचं कळतं ते आधी नाकाला. जळत्या गंधकाचा वायू छाती जाळतो. साठवणीच्या खोलीत गंधकाशेजारी नायट्रेटचं खत किंवा ब्लीचिंग पावडर ठेवू नये, कारण ती आगीला स्वतःचा ऑक्सिजन पुरवतात.

लाकडाबद्दल थोडक्यात. रंध्याचा जाड भुसा पेटतो, पण स्फोटाच्या दृष्टीनं त्रासदायक असते ती सँडरची, म्हणजे घासायच्या यंत्राची, आणि एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला फळा) कापतानाची मैद्यासारखी पूड. जुन्या लाकडातला खिळा करवतीला लागला की निखारा थेट डस्ट कलेक्टरच्या पिशवीत जातो आणि तिथं दोन-चार तास धुमसून रात्री पेटतो. म्हणून संध्याकाळी जाताना पिशवी रिकामी करून पोतं शेडच्या बाहेर ठेवणं हा सगळ्यात स्वस्त विमा. जवसाच्या तेलाचं पॉलिश केलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेटतात. झाकणाच्या लोखंडी डब्यात पाण्यात बुडवा.

ॲल्युमिनियमचं पॉलिशिंग-बफिंग करणाऱ्यांनी २ ऑगस्ट २०१४ ची चीनमधल्या कुनशानची गोष्ट वाचावी. मोटारीची चाकं पॉलिश करणाऱ्या कारखान्यात साचलेल्या ॲल्युमिनियमच्या धुळीचा स्फोट झाला. त्या दिवशी ७५ कामगार गेले, पुढं भाजलेले दगावत गेले आणि आकडा १४६ वर पोचला. ॲल्युमिनियमची आणि लोखंडाची ग्राइंडिंगची धूळ एकाच कलेक्टरमध्ये कधीही ओढू नये: लोखंडाची ठिणगी, गंजाची पूड आणि ॲल्युमिनियम हे तिघं एकत्र आले की आगीचं तापमान धातू वितळवण्याइतकं जातं.

कायद्यात हे सगळं नवं नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यात कलम ३७ खास पेटणाऱ्या धुळीवर आणि वायूवर लिहिलेलं होतं. यंत्र बंदिस्त करा, धूळ साचू देऊ नका, पेटण्याची साधनं दूर ठेवा, यंत्र दाब सोसणारं नसेल तर स्फोट पसरू नये म्हणून अडथळे आणि दाब निघायला झडपा ठेवा, आणि पेटणारा माल असलेल्या भांड्यावर तो काढल्याशिवाय वेल्डिंग करू नका. पंचाहत्तरहून जास्त वर्षांपूर्वी लिहिलेलं हे कलम आजही वाचायला बसलं तर चांगलं आहे. पण त्या कायद्यात वीज वापरणारी जागा ‘कारखाना’ ठरायला किमान दहा कामगार लागायचे, आणि २०२० च्या नव्या संहितेनं ती मर्यादा वीसवर नेली. आपल्याकडच्या कितीतरी पूड मिल, सॉ मिल, पिठीसाखरेची युनिटं चार-सहा माणसांवर चालतात. त्यांच्याकडं यायला निरीक्षकाला कायद्यानं सहसा कारण नसतं. धूळ मात्र माणसं मोजत नाही.

मोठ्या युनिटनी दोन गोष्टींवर पैसे घालावेत. एक, स्फोटाला ठरवून दिलेली वाट: एलिव्हेटरच्या डोक्यावर आणि फिल्टरवर मुद्दाम कमजोर ठेवलेला पत्रा, जो आधी फुटेल आणि दाब बाहेर सोडेल. बाहेर म्हणजे उघड्यावर. हमाल पोती उतरवतात त्या दाराच्या दिशेनं नाही. दुसरी, एका मशिनमधली ज्वाळा दुसऱ्यात जाऊ नये म्हणून मधे रोटरी व्हॉल्व्ह, म्हणजे फिरत्या पाकळ्यांची झडप. स्क्रू कन्व्हेअर असेल तर त्याचं एक पान काढून तिथं मालाचा बूच कायम राहील असंही करतात; जुनी, बिनखर्चाची युक्ती आहे.

आणि धूर दिसलाच तर? हॉपरमध्ये किंवा फिल्टरमध्ये माल धुमसतोय असं कळलं की माणसाचा हात आधी झाकणाकडं जातो. झाकण उघडू नका. आत हवा कमी असते म्हणूनच ते धुमसतंय. उघडलं की ताजी हवा आत जाते, माल ढासळतो, ढग उठतो आणि निखारा त्यात असतोच. फॅन आणि एलिव्हेटर बंद करा, माणसं बाहेर काढा, १०१ ला फोन करा आणि येणाऱ्या जवानांना आत नक्की काय भरलं आहे ते सांगा. बाहेर जमिनीवर धुमसणारा थर असेल तर पाण्याचा जोराचा फवारा किंवा सीओटूचा सिलिंडर थेट त्यावर मारू नका. दोन्हींनी धूळ उडते. बारीक तुषार लांबून, हळूहळू. धातूच्या धुळीवर तर पाणी अजिबात नको, त्यातून हायड्रोजन सुटतो. तिथं कोरडी वाळू किंवा धातूच्या आगीसाठीची खास पावडर, फावड्यानं, हलक्या हातानं टाकायची. ती वाळूची बादली बफिंगच्या टेबलापासून चार पावलांवर आणि खरोखर कोरडी हवी. बऱ्याच ठिकाणी तिच्यात पानाच्या पिचकाऱ्या असतात.